भाकरीतलं लोह जातं कुठं?

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ते येडशी. धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) जिल्ह्यातलं हे गाव तुम्ही ऐकलं असेल ते रामलिंगामुळे. बालाघाटच्या डोंगरातलं देऊळ, श्रावणातली गर्दी, हातातला प्रसाद पळवणारी माकडं आणि पावसाळा सरता सरता बाजारात येणारी सीताफळं. पण मैत्रिणींनो, आज देवळाकडे वळायचं नाही. गावातल्या कुठल्याही घराच्या चुलीपाशी जरा टेकू या. चूल म्हणा, गॅस म्हणा. तव्यावर भाकरीच आहे.

ज्वारीची भाकरी, वरण नाहीतर पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. हातावर भाकरी घेऊन रानात जाणारी बाई दिवसाला तीन भाकरी सहज खाते. पोट भरलेलं असतं, हात रांगडे असतात, आणि तरी दुपारच्या उन्हात खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जिना चढताना धाप लागते, पायांत गोळे येतात, पोरीची पाळी आली की ती दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अंगात रगत कमी हाय, दुसरं काय!"

हे "दुसरं काय" म्हणण्याइतकं साधं नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षं वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींचं रक्त कमी भरलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे सुधारणा सोडाच, आपण मागे आलो. शंभर मिलिलिटर रक्तामागे म्हणा किंवा डॉक्टरांच्या भाषेत डेसिलिटरमागे म्हणा, बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅम हवं, गरोदरपणी निदान ११. त्याखाली गेलं की रक्तक्षय. आपल्या आज्या त्याला पंडुरोग म्हणत. अशा आईचं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, आणि बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर तिच्याजवळ शिल्लक काही नसते. शाळेतली मुलगी फळ्याकडे बघते पण तिचं लक्ष टिकत नाही. मास्तर म्हणतात आळशी आहे.

आता तुम्ही विचाराल, ज्वारीत लोह असतं ना? असतं. मग ते जातं कुठं? हाच प्रश्न विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या प्रयोगशाळांतून गेली सत्तर-ऐंशी वर्षं निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वाटेनं सोडवत आणला आहे. कुणी रसायनशास्त्राच्या, कुणी वैद्यकाच्या, कुणी शेतीच्या. त्यांनी शोधलेलं आपल्या परातीपर्यंत मात्र फारसं पोचलेलं नाही.

हिशेब भाकरीचा

आधी साधा हिशेब मांडू. तीन भाकऱ्यांना साधारण २०० ग्रॅम पीठ लागतं. साध्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह धरलं, तर तीन भाकऱ्यांतून ६ मिलिग्रॅम पोटात गेलं. पोटात गेलं, रक्तात नाही! धान्यातल्या लोहापैकी शरीर शंभरातलं पाच-सातच उचलतं. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमलाही मारामार. पाळी येणाऱ्या बाईला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष रक्तात उतरावं लागतं. म्हणूनच २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तिच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावं असं ठरवलं. उरलेलं कुठून यायचं ते पुढे बघू. पण आधी ते पंचाण्णव टक्के अडतं कुठं?

धान्याच्या आणि डाळीच्या दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. रोप उगवताना लागणारा फॉस्फरस दाणा त्या रूपात साठवून ठेवतो. दाण्याची ती शिदोरी, पण आपल्या आतड्यात गेल्यावर ती लोहाला आणि जस्ताला घट्ट धरून बसते आणि तशीच बाहेर पडते. दाणा भिजला, त्याला मोड आला की त्याच्यातलीच पाचकद्रव्यं हे फायटेट फोडू लागतात. मोड येताना क जीवनसत्त्वही तयार होतं. आपल्याकडे मटकी-मुगाला मोड आणून उसळ करतात, हुलगे भिजवतात, ते नुसतं चवीसाठी आहे असं समजू नका. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवून सकाळी आंबील करायची रीत होती, तिचाही फायदा हाच.

दुसरा चोर तुमच्या कपात आहे. हो, चहा! १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या बायकांवरच एक प्रयोग केला. पावाबरोबर चहा दिला तेव्हा लोह शोषलं जाण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. भाताच्या जेवणाबरोबरही तीच गत. चहातलं टॅनिन लोहाला धरतं, आणि दूध घातल्यानं ते काही सुटत नाही. आता आपल्याकडचं बघा. सकाळी चहात भाकरी कुस्करून खायची, रानात न्याहारीबरोबर थर्मासमधला चहा, पाहुणा आला की जेवणावर लगेच चहा. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि मी तरी कुठे सोडलाय? पण जेवण आणि चहा यांच्यात तास-दीड तास जाऊ द्या. याला पैसा लागत नाही, सासूबाईंची परवानगीही लागत नाही.

आणि चोरावर मोर म्हणजे लिंबू. क जीवनसत्त्व लोहाचं रूप बदलून त्याला विरघळतं ठेवतं, म्हणजे आतड्याला ते उचलता येतं. पण लिंबू उकळत्या वरणात पिळू नका, क जीवनसत्त्व उष्णतेनं मरतं. ताट वाढल्यावर पिळा. पेरू, आवळा यांचंही तेच. आपल्या सीताफळात क जीवनसत्त्व आहे, पण पेरूची सर त्याला नाही; बालाघाटच्या मंडळींनी रागावू नये.

तव्याचंही सांगते. नॉनस्टिक तवा आला आणि लोखंडी तवा-कढई माळ्यावर गेली. १९९९ साली इथिओपियात झालेल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांपेक्षा चांगलं वाढलेलं दिसलं. कोरडी भाकरी तव्यातून फारसं लोह घेत नाही. आंबट आणि ओलं जे असेल ते घेतं: चुक्याची भाजी, अंबाडी, टोमॅटोचं कालवण. ते लोखंडी कढईत करा आणि शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि घरातली पुरुषमंडळी नाक मुरडतात.

दुर्गाबाईंची धाकटी बहीण

कडधान्यं आणि रसायन यांचा विषय निघाला की एका मराठी बाईचं नाव घ्यावंच लागतं. दुर्गा भागवत तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म १९११ चा. वडील रसायनशास्त्रज्ञ, काकाही तेच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली ही मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेली, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळवलेला माणूस, पण इथे त्याचं काही चाललं नाही. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवू, काम पटलं तर पुढे बघू, असल्या अटी घालून त्यांना घेतलं गेलं. अट अपमानाची होती, आणि त्यांना ती आयुष्यभर सलली. वर्ष संपताना रामन यांना त्यांचं काम मान्य करावंच लागलं, आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं. एकीनं सोसलं तेव्हा दुसरीला वाट मिळाली.

तिथे त्यांनी काम केलं ते दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्याच डब्यांवर! पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हा श्वसनाला लागणारा घटक असतो असं त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. परत येऊन दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७ नंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरेचा अभ्यास केला, तांदळाच्या पिठाचा केला, आणि आपल्या भाज्या-कडधान्यांमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे पदार्थ असतात त्यांचा केला. १९५४ सालचा त्यांचा त्यावरचा निबंध आजही या विषयाच्या सुरुवातीला ठेवला जातो.

हे पचन अडवणारे पदार्थ म्हणजे काय? दाण्यानं स्वतःच्या रक्षणासाठी केलेली सोय. कीड लागू नये, प्राण्यांनी खाऊ नये म्हणून. आपल्या पोटातलं ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य ते बांधून टाकतात, मग डाळ खाल्ली तरी प्रथिन अंगी लागत नाही. पण उकळून शिजवलं की बहुतेकांचा जोर मोडतो. म्हणून वाल-पावटे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नयेत, म्हणून मुलांना कच्चं कडधान्य मूठभर देऊ नये.

येडशीच्या आसपास हे आज फार महत्त्वाचं आहे, कारण खरिपात बघावं तिकडे सोयाबीन आहे. शंभरातली चाळीस प्रथिनं असलेला दाणा शेतात पिकतो, पोत्यात भरतो, आडतीवर जातो, आणि घरात त्यातलं शेरभरही राहत नाही. राहिलंच तर बाई ते कच्चंच गव्हात घालून दळून आणते, पोळीला उग्र वास येतो, पोट दुखतं, आणि "सोयाबीन सोसत नाही" असा शिक्का बसतो. सोसत नाही ते कच्चं सोयाबीन. तिप्पट पाण्याला खळखळ उकळी आणा, त्यात निवडलेलं सोयाबीन घाला आणि २५-३० मिनिटं उकळू द्या. पाणी ओतून द्या, साली चोळून काढा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. ज्वारी किंवा गव्हाच्या नऊ वाट्या पिठाला एक वाटी हे पीठ पुरे. जास्त घातलंत तर भाकरी थापताना चिरते. ज्वारीत मुळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो त्यावरच भाकरीची सगळी मदार. पीठ जुनं झालं की विरी जाते ती वेगळीच.

चामडी सोलणारा आजार

आणखी एक जुनी हकीकत. उस्मानाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग राज्यात होता. त्या काळात दख्खनच्या पठारावर ज्वारी आणि फक्त ज्वारी खाणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा आजार दिसे. हातपाय आणि मान, जिथे ऊन लागतं तिथली कातडी काळी पडून सोलवटे, हगवण लागे, डोकं भ्रमिष्टासारखं होई. नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा आजार. अमेरिकेत तो मक्यावर जगणाऱ्यांना होई, पण आपल्याकडे ज्वारीवाल्यांना का? हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हा घटक फार जास्त असतो, आणि तोच नायसिनच्या वाटेत येतो. हा सिद्धांत सगळ्या शास्त्रज्ञांना पटला असं नाही, त्यावर पुष्कळ वाद झाले. पण नुसत्या एका धान्यावर राहू नये हे सर्वांनी मान्य केलं, आणि जेवणात विविधता आली तसा तो आजार मागे हटला. भाकरीला दोष देऊ नका. भाकरीबरोबर पिठलं, वरण, शेंगदाणे आले की ज्वारीत कमी असलेलं लायसिन डाळीतून भरून निघतं. पिठलं-भाकरी ही गरिबाची जोडी म्हणतात. रसायनशास्त्राच्या हिशेबानं ती श्रीमंतीची आहे.

जाता जाता पुस्तकी आकड्यांबद्दल. आहाराच्या जुन्या तक्त्यांत पोह्यांत शंभर ग्रॅमला २० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असे, आणि ते वाचून कितीतरी वर्षं आपण मुलांना पोह्यांचे गोडवे गात खाऊ घातले. २०१७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं नव्यानं मोजलं तर ते साडेचारच्या आसपास निघालं. पालकाचीही अशीच फाजील स्तुती झाली आहे. त्यातलं ऑक्झॅलेट आड येतं. त्यापेक्षा तांदूळजा, शेपू, हरभऱ्याची कोवळी भाजी, करडईची भाजी, बांधावर फुकट उगवणारी चिघळ बरी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयानं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाबरोबर गरोदर बायकांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात गंमत अशी दिसली की आई किती उष्मांक खाते याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध लागेना. पण जी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाते तिचं बाळ मोठं. "दोघांचं खा" म्हणून सूनबाईच्या ताटात चौथी भाकरी टाकण्यापेक्षा भाजीची वाटी भरा.

याच पुण्याच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: शाकाहारी घरांत ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता फार. हे पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मांस यांत असतं. घरात दुभतं जनावर आहे पण दूध सगळं डेअरीला, असं असेल तर एक पेला मागे ठेवायचा हट्ट धरा.

परभणीचं बी

आता शेवटी बियाण्याकडे. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून २०१८ साली "परभणी शक्ती" नावाची ज्वारी काढली. बाहेरून काही मिसळलेलं नाही, दाण्यातच लोह आणि जस्त जास्त. किलोमागे ३० च्या जागी ४२ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, आणि जस्त २० च्या जागी ३२. मघाचा हिशेब पुन्हा करा: तीन भाकऱ्यांत ६ ऐवजी साडेआठ मिलिग्रॅम. एकट्यानं रक्त भरणार नाही, पण कसलीही वेगळी खटपट न करता रोजच्या भाकरीत आलेली ही भर आहे.

मग ती घरोघर का दिसत नाही? कारण साधं आणि आपल्या स्वयंपाकघरातलंच. ही खरिपाची ज्वारी आहे. आपल्या भागात खायला लागते ती रब्बीची, मोत्यासारखी पांढरी, मोहोळच्या मालदांडीच्या चवीची. खरिपाच्या दाण्यावर काढणीच्या वेळी पाऊस पडला की तो काळा पडतो, भाकरी मळकट होते, आणि बाजारात भाव नाही. विद्यापीठानं परभणी मोती, सुपर मोती यांसारखे रब्बीचे वाणही दिले, ते शेतकऱ्यांनी चवीसाठी, दाण्यासाठी आणि कडब्यासाठी घेतले. लोह जास्त आणि चव शाळूची, असा दाणा हवा, आणि तो मागायचा हक्क भाकरी थापणाऱ्या बाईला आहे. पण बियाण्याच्या सभेला तिला कोण बोलावतं? तिथे टोप्याच दिसतात.

याच विद्यापीठात १९७६ पासून गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. लग्न होईपर्यंत वेळ काढायचा विषय म्हणून लोक त्याला हसत. पण पीठ, मोड, भट्टी, बालवाडीतल्या मुलांचं खाणं, हे सगळं तिथं शास्त्र म्हणून शिकवलं जातं. तुमच्या मुलीला बारावीनंतर काय, असा प्रश्न घरात चालू असेल तर ही वाटही विचारात घ्या.

मुलगी शाळेत असेल तर तिला आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती ओढणीच्या टोकाला बांधून घरी येते का, हे एकदा तपासा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून पोरी टाकून देतात. जेवणानंतर घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको, लिंबू-पाण्याबरोबर चालेल. संडास काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जंताची गोळीही चुकवू नका; अनवाणी रानात हिंडणाऱ्या मुलांच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्तच पितो, मग वरून कितीही ओता. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. आकडा चांगला आला तरी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या असतात, कारण रक्त आधी भरतं आणि शरीरातला साठा मागाहून. दोन महिने नेमानं घेऊनही आकडा हलला नाही तर ब-१२ ची तपासणी करायला सांगा, आणि पाळीत जास्त अंगावर जातं हे डॉक्टरांपासून लपवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी कोयता उचलण्याआधी, दसऱ्याच्या सुमारालाच हे करून घ्यावं. फडात गेल्यावर दवाखाना लांब.

आणि परभणीला दर वर्षी १८ मेच्या सुमाराला खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो, तिथे विद्यापीठाचं बियाणं विकायला असतं. घरातलं कोणी जाणार असेल तर एक पिशवी शक्तीची आणायला सांगा. सोयाबीनच्या कडेला दोन-चार तास पेरलीत तरी घरच्यापुरती होईल. पाऊस लांबला नि दाणा काळवंडला, तर भाकरीला नाही पण आंबिलीला आणि धिरड्याला तो चालतो.